बावीस फेरे

“ताई, खुणा चुकल्यात! आता एखादा मिस्त्री बोलवा,” बाबासो मालनच्याच गॅरेजात उभा राहून ओरडला. उद्या नांगरट धरायची, आणि त्याच्या ट्रॅक्टरचं इंजिन अजून उघडंच. मालननं ते जुळवलं होतं; यानं खात्री करायला म्हणून ते हातानं एक फेरा फिरवलं, तर तिन्ही टायमिंग गिअरांवरच्या, जुळवताना समोरासमोर बसवलेल्या खुणांची तोंडं तीन दिशांना.

मालननं मानही वर केली नाही. कॅमशाफ्टला पुढंमागं सरकायला किती जागा आहे, ते तिनं सकाळीच पातळ पत्ती घालून तपासलं होतं. गिअरांचे दातसुद्धा मोजले होते.

“मधल्या गिअरमुळं खुणा दर फेऱ्याला भेटत नाहीत. अजून एकवीस फेरे मारा,” म्हणत ती चहा गाळायला लागली.

बाबासोनं पाना धरला. दहाव्या फेऱ्याला दोन खुणा जुळल्या, तिसरी पार उलट्या टोकाला. “बघा!”

“निम्म्यावर आलाय. थांबू नका.”

एकविसावा फेरा संपला तेव्हा मालन पाठमोरीच कप विसळत होती. “जुळल्या?” तिनं विचारलं.

बाबासोनं कपाळावरचा घाम पुसला.

“जुळल्या, मिस्त्री.”