नऊची जाग

सून ऋजुता पाणी प्यायला आत गेली, तेवढ्यात मालिनीबाईंनी तिची पर्स उघडली. झोपेच्या गोळ्या सापडणार याची त्यांना खात्री होती. धडधाकट मुलगी रोज नऊपर्यंत उठत नाही, म्हणजे माहेरच्यांनी काहीतरी लपवूनच लग्न लावलं होतं. पर्समध्ये कंगवा आणि बडीशेप निघाली.

मग त्या स्वतःच तिला दवाखान्यात घेऊन गेल्या. "हिला काय आजार आहे, ते माझ्यासमोर सांगा."

डॉक्टरीणबाईंनी ऋजुताला बरंच काही विचारलं. "आजार नाही. काहींच्या शरीराचं घड्याळच मागे चालतं. झोप उशिरा लागते, जागही उशिरा येते. हा आळस नव्हे."

"हिनं शिकवून ठेवलंय का तुम्हाला?"

"नाही हो. असं पुष्कळांचं असतं. तुमच्या पाहण्यात नाही कुणी?"

मालिनीबाईंच्या पाहण्यात होतं कुणी. त्यांच्या थोरल्या बहिणीला, कुमुदताईला, सासरच्यांनी दोन महिन्यांत माहेरी पाठवलं होतं, सकाळी उठत नाही म्हणून. ती पुन्हा नांदायला गेलीच नाही. माहेरीही सगळे तिला ऐदी म्हणत. मालिनीबाईसुद्धा.

बाहेर येताच त्यांनी ताईला फोन लावला.

"उठवलं का गं तुला?"

"छे, मी केव्हाची उठलेय," पलीकडून घाईघाईनं उत्तर आलं. आवाज झोपेनं जड होता.

"झोप तू, ताई," मालिनीबाई म्हणाल्या. "निवांत झोप. संध्याकाळी मी सुनेला घेऊन येते."