प्रतिष्ठित पंच

"पंच म्हणून दोन प्रतिष्ठित माणसं पाहिजेत. कोण येतं?" फौजदारानं गाडीतूनच विचारलं, तशी हॉटेलातली निम्मी माणसं लघवीच्या निमित्तानं मागच्या मागं पसार झाली. पंच व्हायचं म्हणजे सही एकदा आणि बुलढाण्याच्या कोर्टाच्या चकरा जन्मभर. हे शहाणपण गावाला फार आधीच आलेलं.

भगवानराव मात्र उठले. उठणं भागच होतं. सकाळपासून पेपर हातात धरून ते गांजाच्याच बातमीवर बोलत होते. कुठल्याशा शेतकऱ्याला तुरीत गांजा लावला म्हणून पकडलं होतं. अशांना जामीन देऊ नये, त्यांची जमीन जप्त करावी आणि कायद्यानं झाडं मोजत बसू नये, असं भगवानरावांचं मत. "एक झाड असो का हजार, पाप तं तेच हाय न बे," ते म्हणाले होते. "सडू द्या जेलात." हॉटेलवाल्या शालिग्रामनं मान डोलावली होती, कारण भगवानरावांशी वाद घातला की गिऱ्हाईक खोळंबतं. आता त्यांनी शालिग्रामलाही गाडीत ओढलं, टोपी सारखी केली आणि वाटेत तेच मत फौजदाराला ऐकवलं. फौजदार खूश झाला.

धाड कोणाच्या घरावर, हे विचारायचं राहूनच गेलं. गाडी त्यांच्याच गल्लीत वळली आणि त्यांच्या घराला खेटून असलेल्या गोजरबाईच्या दारात थांबली. भगवानरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

परसात न्हाणीच्या सांडपाण्यावर गांजाचं झाड उभं होतं. एकच, पण चांगलं पुरुषभर उंच. भगवानरावांना त्याची ओळख नव्यानं करून द्यायची गरज नव्हती. यंदाच्या श्रावणात त्यांच्या बैलाला हगवण लागली, डॉक्टर दोन दिवस फिरकला नाही, तेव्हा याच झाडाचा पाला गुळात कालवून गोजरबाईनं बैलाला चारला होता. तिसऱ्या दिवशी बैल उठून उभा राहिला. पोळा झाल्यावर ती झाड उपटायला निघाली. पोलिसांचं भेव वाटते म्हणाली. तेव्हा भगवानरावांनीच तिला अडवलं. "राहू द्या वयनी, जनावराले लागते. तुमच्या एका झाडासाठी कोण येते?"

झाड मुळासकट उपटलं गेलं आणि तसंच वजनकाट्याला टांगलं गेलं. "माती तं झटका साहेब, वजनात धराल," शालिग्राम हळूच म्हणाला. एवढंसुद्धा भगवानरावांच्या तोंडून निघालं नाही.

गोजरबाई मेथी निवडत होती, ती तशीच मुठीत देठं घेऊन उभी होती. साठी उलटलेली एकटी बाई. फौजदारानं तिला विचारलं, पाला कोणाला देते, झाड ठेवायला कोणी सांगितलं? खरं बोललीस तर तुझ्यावरचं ओझं हलकं होईल, असंही तो म्हणाला.

तिनं एकदाच भगवानरावांकडे पाहिलं. हिनं सांगून टाकावं, आपण नाही म्हणणार नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. आणि हिनं सांगू नये म्हणून त्याच वेळी त्यांनी खिशातल्या खिशात मूठ आवळून देवाचा धावा केला. दोन्ही खरं होतं. त्यांना स्वतःची किळस आली.

"कोणालेच देत नाही साहेब," ती म्हणाली. "आपोआप उगोलं. माये गुडघे दुखतेत, पाला बांधाले ठेवलं."

फौजदार हसला. "बाई, या पंचांचं मत ऐका. एक झाड असो का हजार, सडू द्या जेलात. तुमच्याच गावचा माणूस असं म्हणतो, मग आम्ही कशाला दया करायची?"

भगवानराव जमिनीकडे बघत राहिले. तिथे मेथीची दोन-चार देठं पडली होती.

पंचनामा लिहायला वेळ लागला. शेवटी फौजदारानं पेन थांबवून शालिग्रामला आणि मग त्यांना विचारलं, आरोपीशी काही नातं, वैर, घरोबा? गोजरबाईचा नवरा इंद्रभान गेला तेव्हा पोटी लेकरू नव्हतं, म्हणून त्याचं मडकं त्यांनीच धरलं होतं. तीस वर्षं ती त्यांना भाऊजी म्हणत आली होती.

"नाही साहेब," ते म्हणाले. "बाजूले राह्यते फक्त."

सही त्यांनी पूर्ण केली, सवयीनं खाली रेघसुद्धा ओढली. शाबासकी म्हणून फौजदारानं त्यांच्या पाठीवर थाप मारली. असे नागरिक गावोगावी हवेत, असं काहीसं तो बोलला.

महिला पोलीस गोजरबाईला दंडाला धरून बाहेर घेऊन आली. भगवानराव नेमके दाराच्या तोंडाशीच उभे होते. आजवर तिनं त्यांच्यापुढे कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता. धाकट्या दिरापुढे कोण घेतं? आता ती दोन पावलं अलीकडेच थांबली. मोकळ्या हातानं तिनं पदर डोक्यावरून घेतला आणि कपाळाच्याही खाली ओढला.

"बाई," ती महिला पोलिसाला म्हणाली, "त्या पाव्हण्याले जरा बाजूले व्हाले सांग."