कुंपणाची कडी
सकाळपासून सासरे सशांच्या कुंपणाभोवती गुडघे टेकून माती उकरत होते. जाळी त्यांनीच बसवली होती, कोल्ह्याला खालून शिरता येऊ नये म्हणून हातभर खोल पुरून. तरी रात्री कोल्हा आत आला. अकरा सशांपैकी एकही उरला नाही. "बाबा, कोल्हा काय उडून आला?" नवरा वैतागून म्हणाला. "भोक सापडत नाही रे. माझंच काम कच्चं राहिलं," सासरे म्हणाले आणि पुन्हा वाकले. काल संध्याकाळी मी सशांना पाला टाकत होते, तेवढ्यात घरात बाळ रडलं. कुंपणाचं दार तसंच उघडं टाकून धावले. पहाटे सगळं दिसलं, तेव्हा कुणी उठायच्या आत गुपचूप कडी लावली. आता बाळाला नवऱ्याकडे दिलं. "बाबा, उकरू नका." त्यांचा मातीने माखलेला हात धरून त्यांना दाराशी नेलं आणि कडी काल होती तशी काढून ठेवली.