एकाच पोटच्या

आम्ही जुळ्या. लग्नानंतर माझा पासपोर्ट नवऱ्याच्या देशाचा झाला, धाकटीचा इथलाच राहिला. परदेशात भावाकडे आई शेवटच्या घटका मोजत होती. मला प्रवासाची परवानगी मोबाइलवर, चहा निवायच्या आत मिळाली. धाकटीला व्हिसाच हवा. "परत याल कशावरून?" काचेमागच्या साहेबानं विचारलं. तिच्यासोबत गेलेली मी भडकले. "हे मला का नाही विचारलं? एकाच पोटच्या आम्ही!" "तुम्हाला व्हिसा लागत नाही, मॅडम." त्यानं अर्ज नाकारला. मी दातओठ खात एकटीच गेले. आईची नजर गेली होती. "थोरली का? आणि धाकटी?" खरं सांगवेना. "खाली सामान उतरवतेय." बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटली, डोळे पुसले आणि धाकटीसारखी पाय घासत आत शिरले. "आई, आले." तिनं माझा चेहरा चाचपला. "तिला येऊ दिलं नाही ना?" म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच कचकचीत शिवी हासडली.