बर्फाखालचे मोती

गजेंद्र अमरावतीहून दुपारच्या एसटीने अकोटला परतला, तेव्हा घराच्या दारात बायकांच्या चपलांचा ढीग पडला होता आणि त्याच्या टेबलावरची काचेची बाटली रिकामी होती.

सकाळी तो निघाला तेव्हा ती भरलेली होती. आत तांदळाएवढे पांढरे दाणे. सुट्टीत बसून ते निवडायचे म्हणून त्याने प्रयोगशाळेतून आणले होते. आईने विचारलं, "काय हाय हे?" तर तो म्हणाला, "मोती हायेत. दक्षिणेच्या समुद्रातले." खरं काय ते सांगायची लाज वाटली आणि तोंडात तेवढंच आलं.

चौकात त्याचा फ्लेक्स लागला होता. 'अकोटचे हिमपुत्र'. फोटोशेजारी पांढरं अस्वल. ते अस्वल पृथ्वीच्या दक्षिण टोकाला राहत नाही, हे त्याने तरुण मंडळाला सांगितलं नव्हतं. आपणही तिथे कधी गेलो नाही, हेही नव्हतं सांगितलं. बर्फावर दुसरे लोक जात. त्याच्याकडे फक्त पिशव्या येत.

आत कौशल्याबाई, म्हणजे त्याची आई, तीर्थ वाटत होती. ताम्हनातल्या पाण्यात विठ्ठल-रुक्मिणी, भोवती कुंकवाच्या लाल अक्षता, आणि अक्षतांत कालवलेले तेच दाणे, तेही लाल. शेजारच्या पार्वताबाईंनी तीर्थ पिऊन ओला हात डोक्यावरून फिरवला.

"गुडघ्याले आतापासूनच फरक वाटून राहिला वो कौशल्याबाई."

सगळ्या जाईपर्यंत गजेंद्र भिंतीला टेकून उभा राहिला.

"माय, तू पेलं का ते?"

"मीनंच पयले पेलं."

"मोती नाईत ते," तो जमिनीकडे पाहून म्हणाला. "सीलच्या शेणातून निघाले."

"सील म्हणजे तो फ्लेक्सवरचा?"

"नाई, तो अस्वल. सील वेगळा. बिनपायाच्या म्हशीवानी दिसते. बर्फाखाली बुडी मारते, तिथं अंधार राहते, मिशीनं चाचपून भक्ष शोधते. श्वास घ्याले पुन्हा भोकापाशी येते. खाली त्यानं काय खाल्लं ते कोणाले दिसत नाई. म्हणून त्याचं शेण गोळा करून माह्याकडे पाठवतेत. मी ते चाळणीत धुतो. चाळणीत राहिलं ते हे."

झालं. नोकरी लागल्यापासून पोटात धरलेलं एकदाचं बाहेर पडलं. तो शिव्यांची वाट पाहू लागला.

"बस?" आई म्हणाली. "शेणाची कायची लाज रे? अंगण काय मी अत्तरानं सारवलं आजवर?"

गजेंद्रला एकदम हलकं वाटलं. पुढच्या प्रश्नापर्यंत.

"पण शेणात हे पांढरं कायचं? जवारी खाते का तो?"

"मासे खाते." त्याचा आवाज खाली गेला. "माशाच्या कानात हाड राहते. तेवढं पचत नाई."

आईचा हात गळ्याकडे गेला. कौंडण्यपूरच्या यात्रेत तिने तुळशीची माळ घातली, तेव्हापासून या घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. मासेवाला त्यांच्या दारावरून जाताना आरोळी गिळून जायचा.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने अंबाड्यात अडकू न देता माळ डोक्यावरून काढली आणि कोनाड्यात ठेवली.

"माळ घालणाऱ्या महाराजाले काय सांगू मी? सीलनं मासा खाल्ला, अन् माळ माही गेली?"

हसण्यासारखंच होतं. हसलं कोणी नाही.

"निवड," ती म्हणाली.

तो देवापुढे पाट घेऊन बसला. सगळंच लाल. तांदूळ गुळगुळीत लागे, हाडाला बारीकशी खाच लागे. एकेक उचलून तो बोटांनी चाचपत होता. थोड्या वेळाने आईच्या लक्षात आलं, की हाडांचेही त्याने दोन ढीग केलेत.

"हे दोन काहून?"

"हा एक मासा, हा दुसरा." सवयीने झालं होतं. "केवढा होता, तेही समजते."

"दिवसभर हेच काम हाय तुह्यं?"

"हो."

आईने त्याच्या बोटांकडे पाहिलं.

"अन् हे सांगाची तुले लाज वाटे."

त्याने आणखी एक हाड ढिगात ठेवलं.

"आता बायांले सांगाची मले वाटून राहिली," ती म्हणाली.

तेवढ्यात दारात पार्वताबाई. हातात रिकामी लोटी. "सुनेसाठी थोडंसं तीर्थ देता का वो? ती शाळेत शिकवून आताच आली."

आईने पदर ओढून मोकळा गळा झाकला. "सरलं."

"अन् गजू काय करून राहिला?"

आईने विठ्ठलाकडे पाहिलं. मग देवाकडे पाठ केली.

"तांदूळ निवडून राहिला."

"एवढा हिमपुत्र, अन् तांदूळ?"

"येते त्याले," आई म्हणाली. "बारीक नजर हाय."

पार्वताबाई गेल्या आणि लगेच सूप भरून परत आल्या. रेशनचे तांदूळ, खडे फार निघतात, आणि पोरगा बसलाच आहे तर. त्या सूप ठेवायला वाकल्या, तशी त्यांच्या गळ्यातली तुळशीची माळ पुढे आली आणि हाडांच्या त्या दोन लाल ढिगांवर लोंबत राहिली.

आईने गजेंद्रकडे पाहिलं.

गजेंद्रने सूप जवळ ओढलं आणि खडे शोधू लागला.