काळ्या चित्रातला आवाज

वच्छलाबाईंनी पिशवीतून कॅसेट काढून काउंटरवर ठेवली आणि विचारलं, "भाऊ, यामा त्यासना आवाज ऱ्हायना का?"

चुडामण ओशाळला. ब्याण्णव साली अमळनेरात व्हिडिओ शूटिंग म्हटलं की त्याचंच नाव निघायचं. दीड वर्षापूर्वी शिंदखेड्याजवळच्या त्यांच्या गावी जाऊन बाईंच्या लेकीचं लग्न त्यानेच शूट केलं होतं. त्याच दिवशी, पंगती उठल्या न उठल्या तोच, नवरीचे वडील अभिमन आबा गेले. हार्टफेल झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. सकाळी ज्या मांडवात अक्षता पडल्या, त्यातूनच संध्याकाळी तिरडी निघाली. तालुकाभर हळहळ झाली.

परवा लेक माहेरी आली तेव्हा म्हणाली होती, कॅमेऱ्यात बाबांचा आवाज असेल बघ. म्हणून आले, असं बाईंनी सांगितलं.

चित्रात आबा भरपूर होते. पाहुण्यांना हात जोडताना, वाढप्यांवर डाफरताना, कुठेही बघा. आवाज मात्र नव्हता. तेव्हा रीतच तशी होती. बँड, जनरेटर, पोरांची रडारड, सगळा नुसता कालवा. मिक्सिंग करताना तो उडवायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी चढवायची. लोकांनाही तेच आवडायचं. आणि मूळ कॅसेटींवर पुढची लग्नं भरायची.

"म्हंजे कोठेच नही?" बाईंनी विचारलं.

"कुठेच नाही, अक्का. माझं चुकलं."

"नक्की नही ना?"

"नक्की."

बाईंनी डोळ्यांना पदर लावला, लांब श्वास सोडला आणि आल्या पावली एसटी स्टँडकडे निघून गेल्या.

चुडामणला ते फार लागलं. कॅमेरेवाले आता गल्लोगल्ली होऊ लागले होते, पण आवाजातलं आपल्याइतकं कुणाला कळत नाही, ही त्याची घमेंड. चित्र कुणीही काढेल, माइक कुठे ठेवायचा ते कळायला कान लागतात, असं तो आल्यागेल्याला ऐकवायचा. आणि त्याच माणसाने एका विधवेच्या नवऱ्याचा आवाज उडवावा.

त्याने कपाट उपसायला घेतलं. तिसऱ्या दिवशी तळाशी एक मूळ कॅसेट मिळाली. बुरशी धरली म्हणून बाजूला टाकलेली, वर त्याच लग्नाची तारीख. साफ करून करून ती कॅमेऱ्यात चालवली. हळद, मंगलाष्टकं, आणि मग नुसतं काळं चित्र. रिकामीच दिसते म्हणून तो बंद करणार, तेवढ्यात हेडफोनमध्ये बांगड्या वाजल्या.

मग त्याच्या ध्यानात आलं, आणि स्वतःच्या गाढवपणाचं हसू आलं. पंगतीला जाताना त्याने लेन्सला झाकण लावून कॅमेरा आतल्या खोलीत टेबलावर ठेवला होता. माइक शेजारीच. एकच बटण, एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. घाईत एक दाब चुकला की बंद केलेला कॅमेरा चालू राहतो. नवखे करतात ती चूक त्याने केली होती. झाकणामुळे चित्र आलं नाही, पण माइक ऐकत राहिला होता.

"वच्छला, थकी गई ना तू? बस जराशी."

आबांचा आवाज. अख्खं गाव ज्याच्या तोंडाला लागायला भीत असे, तो माणूस इतकं हळू बोलत होता. चुडामणने झटकन हेडफोन काढला. नवराबायकोचं बोलणं, आपण का ऐकायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारीच तो कॅमेरा खांद्याला लावून बाईंच्या गावी पोचला. ओट्यावर कापसाचा ढीग होता. लेक सासरी परत गेलेली, घरात बाई एकट्याच. आवाज सापडला, असं त्याने उंबऱ्यावरूनच सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला भरून आलं. एवढा आनंद आपण कुणाला दिला नव्हता, असं त्याला वाटलं.

त्याने हेडफोन त्यांच्या कानांवर नीट बसवला आणि कॅसेट लावली. बाई शेवटपर्यंत हलल्या नाहीत. मग त्यांनी हेडफोन सावकाश काढला.

"तुम्ही बठ्ठं ऐकं?"

खरं सांगायचं तर त्याने दोन वाक्यं ऐकली होती. पण कानांचा विषय निघाला आणि त्याला राहवलं नाही.

"अक्षर न् अक्षर, अक्का. हे कान काही उगीच नाहीत."

"आनखी कोनले सांगं?"

"कुणालाच नाही. पहिला मान तुमचा. आणि कॅसेटही एवढी एकच आहे."

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग उन्हातून आलात, मठ्ठा घेतल्याशिवाय जायचं नाही, असं म्हणून त्या आत गेल्या.

मठ्ठा गार होता आणि हिरव्या मिरचीने जहाल. त्याने एका दमात पेला रिकामा केला. जिभेला मुंग्या आल्या. खानदेशातली मिरची, दुसरं काय व्हायचं. त्याचा शेवटचा घोट होईपर्यंत बाई दारात उभ्या होत्या. मग पेला घेऊन त्या घासायला आत गेल्या.

चुडामणला हलकं हलकं वाटत होतं. आता एवढं छातीठोक सांगितलंच आहे, तर निदान ऐकून तरी ठेवावं, नाहीतर बाईंनी काही विचारलं तर फजिती व्हायची. त्याने कॅसेट मागे घेतली आणि हेडफोन कानांवर चढवला.

आधी बांगड्या. मग ते "थकी गई ना तू". मग पेला टेबलावर ठेवल्याचा आवाज. थोडा वेळ काहीच नाही. आणि मग आबा बोलले, शब्द जरा जड पडत होते.

"वच्छला, या मठ्ठामा काय टाकं तू? मनी जीभ बठ्ठी बधिर हुई गई."