डावी बाजू

कोतोनेने छोटा टॉवेल डाव्या कुशीवर घट्ट दाबून धरला आणि भिंतीला खेटून आत शिरली. गावाचं न्हाणीघर वाफेने भरलं होतं, ते एक बरं होतं. पण ते बायकांनीही भरलं होतं.

दुपारपासून डोंगरावर वारं सुटलं होतं. वर नेणारे पाळणे बंद झाले, स्कीइंगला आलेले पाहुणे आपापल्या खोल्यांत जाऊन बसले आणि गावातल्या बायकांना अवेळी सुट्टी मिळाली. सुट्टी मिळाली की गाव दुसरं काय करणार? गरम झऱ्याच्या पाण्यात जाऊन बसणार. कोतोनेची आई मिसुझु एका लॉजमध्ये काम करायची. तीही लवकर घरी आली आणि दारातूनच म्हणाली, चल, किती दिवसांत आपण बरोबर गेलो नाही.

दिवस बरेच झाले होते खरे, आणि ते कोतोनेनेच होऊ दिले होते. कधी सर्दीचं निमित्त, कधी गृहपाठाचं. शाळा सुटली की ती एकटीच यायची आणि अंगावर घाईघाईने पाणी ओतून पळायची. आज निमित्त सुचलं नाही.

टॉवेलखाली बरगड्यांपासून मांडीपर्यंत सगळी डावी बाजू काळीनिळी पडली होती.

देवळामागे स्कीवरून उड्या मारायचा मोठा उतार आहे. मुलं वरून वेगाने घसरत येतात, टोकाशी आली की हवेत सुटतात. हिवाळा लागला तेव्हा तिथे उड्या शिकवणारे इवासे सर मुलं गोळा करत घरोघर फिरले होते. कोतोनेच्या दारात आईने त्यांना पुरतं बोलूही दिलं नाही. माझी मुलगी त्या उतारावर पाय ठेवणार नाही, एवढंच सांगितलं आणि दार लावलं. मग एक दिवस कोतोने स्वतःच सरांकडे गेली आणि आईने हो म्हटलंय असं धडधडीत खोटं बोलली. सर तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिले. शेवटी त्यांनी तिच्या मापाच्या स्की काढून दिल्या.

हवेत असताना तिला काहीच आठवत नसे. ना खोटं, ना आई. खाली आल्यावर सगळं एकदम आठवे, आणि खाली ती बहुतेक वेळा कुशीवरच येई. आईला कळलं की उड्या संपल्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

ती लाकडी चौरंगावर बसली, उठली, पुन्हा बसली. नळ सोडला, बंद केला. आधी उजवीकडे आई होती म्हणून जरा धीर होता, तर आई साबण आणायला उठली आणि नेमकी डावीकडे येऊन बसली.

"एवढं काय लपवतेस गं?" नूडल्सच्या दुकानातली नोरिको काकू कढत पाण्याच्या हौदातून म्हणाली. "इथे सगळ्यांकडे तेच आहे. माझ्याकडे जरा जास्त आहे, एवढंच."

बायका खदखदून हसल्या. शहरातून आलेली एक पाहुणी हौदात पाऊल घालून किंचाळली आणि तसंच बाहेर काढून पळाली. मग सगळ्या तिच्यावर हसल्या. तेवढ्यात आपण हौदात उतरावं, मानेपर्यंत बुडावं, म्हणजे सुटलो, असं कोतोनेच्या मनात आलं. ती अर्धवट उठलीही.

"बस खाली," आई म्हणाली. "पाठ कर इकडे. चोळून देते."

नाही म्हणायची सोयच नव्हती. लहानपणापासून तिची पाठ आईच चोळत आली होती. आईने साबणाचा फेस केला. मानेवरून, खांद्यांवरून हात फिरला, कमरेकडे आला. मग आईने तो टॉवेल सहज ओढून बाजूला केला.

हात थांबला. हौदातल्या बायकाही इकडे वळून बघू लागल्या.

"बर्फावरून घसरली असेल पोर," सगळ्यांत म्हाताऱ्या तोमीआजी म्हणाल्या. "पायऱ्या नुसत्या काचेसारख्या झाल्यात."

"हो, पायऱ्यांवरूनच," कोतोने पटकन म्हणाली.

डागाच्या कडेकडेने आईचं बोट मांडीपासून वर बरगड्यांपर्यंत गेलं. दुखतं का, असं तिने विचारलं नाही. सगळ्यांत जास्त कुठे दुखतं, असं विचारलं. कोतोनेने खुब्याच्या हाडावर हात ठेवला.

"पायऱ्यांवरून पडणाऱ्याला असं लागत नाही," आई हलकेच म्हणाली. "टेकायच्या आधी तू खाली बघतेस. म्हणून डावा खांदा झुकतो."

कोतोने गर्रकन वळली. हौदातल्या बायकांना एकाएकी आपापले केस धुवायचे आठवले होते. तोमीआजी तेवढ्या गालात हसत होत्या.

"तुझ्याएवढी होते तेव्हा या गावात सगळ्यांत लांब उडी मीच मारायचे," आई म्हणाली. साबण मागावा इतक्या साध्या आवाजात. "मग एक दिवस मोठ्यांनी सांगितलं, मुलींच्या स्पर्धा नसतात. माझ्या स्की धाकट्या भावाला दिल्या. तुलाही कुणी असंच खाली उतरवेल, म्हणून दार लावलं होतं मी."

तिने साबणाचा रुमाल कोतोनेच्या हातात दिला आणि आपली पाठ तिच्याकडे केली. कोतोने ती चोळू लागली. आई मागे न वळता म्हणाली,

"उद्या खाली बघायचं नाही. समोर बघायचं. मी उभी असेन तिथे."